चर्चच्या नावावर उभी राहिलेली घरे



आपल्याकडे एखादा गृहस्थ मित्राच्या कर्जाला जामीन राहतो, तेव्हा त्या दिवशी तो खिशातून एक पैसाही काढून देत नाही. तो देतो ते आपले नाव. सही करताना चहा होतो, थट्टामस्करी होते. आणि पुष्कळ वर्षांनी वसुलीची नोटीस दारावर आली म्हणजे नाव ही केवढी वजनदार वस्तू आहे हे त्या गृहस्थास कळते. आजचा माझा विषय दूरच्या देशाचा आहे, परंतु त्याचे मर्म ह्या जामीनकीच्या व्यवहारात सापडते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५९ नंतर वृद्धांसाठी व बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारी मदतीने जी घरे बांधली गेली, त्यांतील मोठा भाग तेथील चर्चांच्या पुढाकाराने उभा राहिला. पैसा बव्हंशी सरकारचा होता, जमीन पुष्कळदा नगरपालिकेने मोकळी केलेली होती, विटा रचणारा कंत्राटदार होता. मग चर्चचे काय होते? चर्चचे नाव होते. त्या नावाने चर्च कोठवर बांधले जाते, हा प्रश्न तेथे कायदेमंडळात, वस्त्यांत आणि शेवटी न्यायालयातही उपस्थित झाला.

आरंभी एक खुलासा. चर्च म्हणजे केवळ देवळाची इमारत नव्हे. आपल्याकडील ख्रिस्ती बांधव उपासकांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात आणि तिच्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात. हे दोन्ही शब्द मी त्याच अर्थाने वापरणार आहे. अमेरिकेत पंथ अनेक, आणि बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत प्रत्येक मंडळी आपला कारभार पुष्कळसा स्वतःच पाहते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील निराधार म्हाताऱ्याच्या नशिबी गावचे दरिद्रगृह असे. तेथे वेडे, व्यसनी, अपंग आणि वृद्ध एकाच छपराखाली ठेवीत. आपल्या माणसांवर ही पाळी येऊ नये म्हणून सधन मंडळ्यांनी आणि धर्मशील स्त्रियांच्या संस्थांनी निराळे आश्रम काढले. फिलाडेल्फियात गरजू विधवा व एकट्या स्त्रियांसाठी अशी संस्था १८१७ सालीच निघाली होती. ह्या आश्रमांत प्रवेश मिळण्यास चांगल्या चालचलणुकीचा दाखला लागे, प्रवेशशुल्क भरावे लागे आणि कित्येक ठिकाणी जी काही मालमत्ता असेल ती संस्थेच्या नावे करून द्यावी लागे. मोबदल्यात मरेपर्यंत सांभाळ. म्हणजे दयाधर्म होता, पण तो ओळखीच्या, आपल्या पंथाच्या आणि बहुधा गोऱ्या माणसांपुरता होता. ‘आजन्म सांभाळाचा करार’ ही कल्पना ह्याच आश्रमांतून रूढ झाली. तिने पुढे काय अनर्थ केला ते यथावकाश सांगेन.

१९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. त्यात एक छोटेसे कलम होते: सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्या वृद्धाला मध्यवर्ती सरकारच्या पैशातून वृद्धसाहाय्य मिळणार नाही. कायदा करणारांना दरिद्रगृहे नाहीशी करावयाची होती, आणि ती पुष्कळशी नाहीशी झालीही. पण म्हाताऱ्याच्या हाती दरमहा थोडा पैसा आला तरी त्या पैशात मिळेल असे घर कोठे होते? दुसऱ्या महायुद्धानंतर जी अफाट घरबांधणी झाली ती तरुण सैनिकांच्या संसारांसाठी, शहराबाहेर, मोटार असलेल्यांसाठी झाली. शहरातल्या जुन्या भाड्याच्या खोल्यांत म्हातारी माणसे मागे राहिली. सरकारी वसाहतींत जागा मिळण्याइतकी ती दरिद्री नव्हती, आणि बाजारभावाचे भाडे भरण्याइतकी सधनही नव्हती.

ह्या मधल्या माणसांसाठी १९५९ चा गृहनिर्माण कायदा आला. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनी त्या वर्षी दोन गृहनिर्माण विधेयके नाकारून परत पाठविली आणि तिसऱ्यावर २३ सप्टेंबर रोजी सही केली. त्या कायद्याच्या २०२ व्या कलमान्वये वृद्धांची घरे बांधण्यासाठी सरकार थेट कर्ज देऊ लागले. वयाची अट बासष्ट वर्षांची. कर्जाची मुदत पन्नास वर्षांपर्यंत, व्याज बाजारापेक्षा कमी. आणि कर्ज कोणास? आरंभी केवळ खाजगी, नफा न घेणाऱ्या संस्थांना.

मला ह्या योजनेतील खरी खुबी त्या पन्नास वर्षांत दिसते. पन्नास वर्षे जिवंत राहील असा कर्जदार सरकारने शोधावा कोठे? व्यापारी पेढ्या बुडतात, क्लब मोडतात, परोपकारी गृहस्थ मरण पावतात. ज्या गावात दुसरी कोणतीच संस्था शंभर वर्षे टिकलेली नाही तेथेही एखादे चर्च टिकलेले असते. त्याच्यापाशी जमीन असते, सभासद असतात, हिशेब ठेवणारा एखादा निवृत्त बँक-कारकून असतो आणि बिनपगारी बसणारे विश्वस्त असतात. तेव्हा सरकारने चर्चकडे पाहिले, आणि चर्चनेही सरकारकडे पाहिले. राज्यसंस्था व धर्मसंस्था ह्यांत भिंत घालणाऱ्या त्या देशात हा सलोखा साधला तो एका कायदेशीर युक्तीने. कर्ज चर्चला द्यावयाचे नाही. चर्चने त्या एका इमारतीपुरती स्वतंत्र संस्था स्थापन करावयाची, आणि कर्ज तिला द्यावयाचे. घर सर्व धर्मांच्या लोकांना खुले ठेवावयाचे. अशा रीतीने नाव चर्चचे, पण कागदोपत्री ऋणको दुसराच! जामीनकीचा हा प्रकार आपल्याकडील वकिलांनाही आवडला असता.

१९६१ साली केनेडींच्या कारकिर्दीत हीच रीत मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांसाठी लागू झाली. ह्या दुसऱ्या योजनेत नफा न घेणाऱ्या संस्थेला खर्चाच्या शंभर टक्के कर्ज मिळे. स्वतःची रक्कम घालण्याची गरज नाही. ही उदारता वाटते, आणि ती होतीही. परंतु ज्याच्यापाशी स्वतःचे काही गुंतलेले नाही त्याच्या गाठी अडचणीच्या दिवसासाठीही काही नसते, हे त्या वेळी फारसे कोणी बोलून दाखविले नाही.

ह्या योजनांचा लाभ सर्वांत उत्साहाने घेतला तो काळ्या मंडळ्यांनी, आणि त्याचे कारण सांगितल्याशिवाय हा इतिहास समजणार नाही. त्याच वर्षांत ‘नगर-नूतनीकरण’ ह्या गोंडस नावाखाली शहरांच्या मध्यातल्या जुन्या वस्त्या पाडल्या जात होत्या. त्या वस्त्यांत बहुसंख्येने काळे लोक राहत. नगर-नूतनीकरण म्हणजे काळ्यांचे उच्चाटन, अशी कडवट व्याख्या त्या लोकांत रूढ होती. घरे पडली म्हणजे माणसे पांगतात, आणि माणसे पांगली म्हणजे रविवारी बाके रिकामी राहतात. पाळकाच्या दृष्टीने घर बांधणे हा परोपकार होता तसाच मंडळी जगविण्याचा प्रश्नही होता. मला ह्यात काही उणे वाटत नाही. ज्याला स्वतःचीही गरज आहे तो काम अर्धवट सोडून जात नाही.

अटलांटा शहरातील ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता पहा. ह्याच रस्त्यावर मार्टिन लूथर किंग ह्यांचे एबेनेझर चर्च आहे, आणि ह्याच रस्त्यावर व्हीट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च आहे. रस्त्याचे जुने नाव व्हीट स्ट्रीट. १८९३ साली ते बदलले, पण चर्चने आपले नाव सोडले नाही. १९३७ पासून अर्धे शतक तेथील पाळक होते विल्यम होम्स बॉर्डर्स. १९५७ साली अटलांटाच्या बसगाड्यांतील वर्णभेद मोडण्यासाठी ज्यांनी अटक ओढवून घेतली त्यांचे हे पुढारी. ह्या गृहस्थांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, नूतनीकरणात मोकळ्या झालेल्या जमिनीवर, ‘व्हीट स्ट्रीट गार्डन्स’ ही कुटुंबांची वसाहत चर्चच्या वतीने उभारली. मध्यवर्ती सरकारच्या साहाय्याने एखाद्या चर्चने बांधलेल्या भाड्याच्या वसाहतींपैकी ती अगदी पहिल्या काहींपैकी एक. पुढे त्याच चर्चने वृद्धांसाठी उंच इमारतही बांधली. नातवंडे एका अंगणात आणि आजीआजोबा पलीकडच्या इमारतीत, अशी ती रचना होती.

फिलाडेल्फियाचे लिऑन सलिव्हन ह्यांची तऱ्हा निराळी. दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनी पाळावयाची वर्णसमतेची जी तत्त्वे १९७७ साली गाजली, तीही ह्यांचीच. पण त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९६२ साली, झायन बॅप्टिस्ट चर्चच्या व्यासपीठावरून त्यांनी मंडळीपुढे एक साधा हिशेब ठेवला: दरमहा दहा डॉलर, छत्तीस महिने. येशूने पाच भाकरींवर पाच हजारांना जेवू घातले, त्या कथेच्या आधाराने हे प्रवचन होते. त्यांनी पन्नास माणसे मागितली. दोनशेंवर पुढे आली. ह्या ३६० डॉलरांपैकी पहिल्या सोळा महिन्यांचे १६० डॉलर धर्मादाय निधीत जात, आणि उरलेल्या वीस महिन्यांच्या २०० डॉलरांचे त्या माणसाला गुंतवणूक कंपनीत भागभांडवल मिळे. ह्या पैशाच्या आणि सरकारी हमीच्या जोरावर उत्तर फिलाडेल्फियात ‘झायन गार्डन्स’ ही वसाहत झाली, आणि १९६८ साली ‘प्रोग्रेस प्लाझा’ ही बाजारपेठ उघडली. सलिव्हन ह्यांनी आधी द्यावयास लावले आणि मग भागीदार केले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तेथे चर्चने नुसते नाव दिले नव्हते. सभासदांच्या खिशातले दहा डॉलर त्या नावामागे दरमहा उभे होते.

असे सर्वत्र असते तर माझे व्याख्यान येथेच संपले असते.

१९६० ते १९७० ह्या दशकात घरबांधणीचा वेग वाढला. १९६८ च्या कायद्याने कुटुंबांच्या घरांसाठी आणखी एक व्याजसवलतीची योजना आली, आणि तिच्यामागोमाग शहराशहरांतून एक नवा इसम हिंडू लागला. त्याच्यापाशी नकाशे तयार असत, वकील तयार असे, अर्ज भरलेला असे. उणीव असे ती नफा न घेणाऱ्या संस्थेच्या नावाची. तो पाळकाकडे जाई. मंडळीला एक पैसा पडणार नाही, कर्ज शंभर टक्के आहे, वसाहतीला तुमच्या संताचे नाव देऊ. पाळक भला माणूस. समोर दर रविवारी घर नसलेली माणसे बसलेली. तो सही करी. इमारत पुरी झाली की कंत्राटदार आपला मोबदला घेऊन दुसऱ्या गावी जाई, आणि शंभर-दोनशे बिऱ्हाडांची नळगळती, थकलेली भाडी आणि मोडलेली लिफ्ट त्या भल्या माणसाच्या दारी येऊन उभी राही. सर्वच कंत्राटदार लबाड नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पण घर बांधणे आणि घर चालविणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्याला तीन वर्षे लागतात, दुसऱ्याला चाळीस.

त्यातच महागाई आली. १९७३ साली तेलाचे भाव भडकले. त्या थंड मुलखात इमारत तापविण्याचा खर्च भाड्यातून निघेना. भाडे वाढवावे तर राहणाराला परवडत नाही, न वाढवावे तर कर्जाचा हप्ता चुकतो, आणि शिल्लक निधी मुळातच नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत निक्सन सरकारने नव्या साहाय्यित घरबांधणीच्या मंजुऱ्या थांबविल्या होत्या. चर्चांनी उभ्या केलेल्या कुटुंब-वसाहतींपैकी कित्येकींचे हप्ते थकले, आणि गहाणाच्या अंमलबजावणीत त्या सरकारच्या ताब्यात गेल्या.

वृद्धांच्या घरांची गोष्ट मात्र निराळी झाली. २०२ कलमाखाली पहिल्या दहा वर्षांत सुमारे ४५,००० घरे झाली होती, आणि ती बहुतेक शाबूत राहिली. पंथ तेच, विश्वस्तही त्याच प्रकारचे, मग फरक का? लोक म्हणतात, म्हातारी माणसे भिंती खराब करीत नाहीत. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. माझ्या मते मुख्य कारण दोन आकड्यांच्या चालीत आहे. १९७२ च्या कायद्यान्वये १९७५ पासून वृद्धांचे निवृत्तिवेतन महागाईबरोबर आपोआप वाढू लागले. तरुण मजुराचे वेतन तसे वाढत नव्हते. भाडे वाढले तरी म्हातारीच्या हाती ते भरावयास थोडे अधिक येत होते. चर्चच्या पुण्याईचा भाग कबूल करूनही ह्या बाबतीत मी श्रेय निवृत्तिवेतनाच्या कोष्टकाला देईन. शिवाय १९७४ नंतर भाडेसाहाय्याची नवी योजना ह्या घरांना जोडली गेली, आणि राहणाराने आपल्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा, आरंभी चतुर्थांश व १९८१ पासून तीस टक्के, द्यावा, बाकीचे सरकारने भरावे असे ठरले.

आता त्या जुन्या ‘आजन्म सांभाळा’च्या कराराकडे वळतो. ह्या प्रकरणात सरकारी कर्जाचा प्रश्न मुख्य नव्हता. राहणारी माणसेही दरिद्री नव्हती. शिक्षक, नर्स, निवृत्त धर्मोपदेशक अशा मध्यमवर्गाची होती. पण चर्चचे नाव म्हणजे काय, ह्याचा निवाडा येथेच झाला, म्हणून ते सविस्तर सांगितले पाहिजे.

‘पॅसिफिक होम्स’ ही संस्था कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि हवाई येथे वृद्धांची निवासस्थाने व शुश्रूषागृहे चालवी. युनायटेड मेथडिस्ट पंथाच्या त्या भागातील परिषदेशी ती संलग्न होती. वृद्धाने प्रवेशाच्या वेळी एक मोठी रक्कम द्यावी आणि संस्थेने त्याला मरेपर्यंत घर, जेवण आणि शुश्रूषा द्यावी, असे तिचे करार असत. हा हिशेब एका अंदाजावर उभा असतो: माणूस किती वर्षे जगेल? माणसे अंदाजापेक्षा अधिक जगली. वैद्यकीय खर्च वाढला. तेव्हा नव्याने येणाऱ्यांच्या प्रवेशरकमेतून जुन्यांचा खर्च चालू झाला. भिशी बुडते कशी हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगावयास नकोच. १९७७ च्या फेब्रुवारीत संस्थेने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, आणि आयुष्यभराची पुंजी देऊन बसलेल्या वृद्धांना दरमहा अधिक पैसे भरण्यास सांगण्यात आले.

सुमारे दोन हजार राहणाऱ्यांच्या वतीने दावा दाखल झाला, आणि तो केवळ संस्थेवर नव्हता. परिषदेवर आणि संबंध पंथावर होता. आम्ही मेथडिस्ट चर्चच्या नावावर विश्वास ठेवून पैसे दिले, असे त्यांचे म्हणणे. पंथाचे उत्तर मोठे नमुनेदार होते: युनायटेड मेथडिस्ट चर्च नावाची कोणतीही वस्तू कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही! मंडळ्या आहेत, परिषदा आहेत, मंडळे आहेत; पण ह्या सर्वांचे मिळून जे चर्च ते एक आध्यात्मिक बंधन आहे, त्याच्यावर दावा लावता येत नाही. त्या वेळी त्या पंथाचे नव्वद लाखांहून अधिक सभासद होते.

खालच्या न्यायालयाने हे मानले. १९७९ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने मानले नाही. लोकांशी व्यवहार करताना जो समुदाय एका नावाने वावरतो, त्याच्यावर त्या नावाने दावाही लावता येईल, असा त्या निकालाचा आशय. संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. १९८० साली सुमारे दोन कोटी दहा लाख डॉलरांवर तडजोड झाली. निवासस्थाने चालू राहिली.

ह्या निकालावर तेथील पंथांत पुष्कळ कुरकूर झाली. न्यायालयाने धर्मसंस्थेची घडण समजून न घेता तिला व्यापारी कंपनीसारखे लेखले, असा आक्षेप होता, आणि धर्मस्वातंत्र्याच्या दृष्टीने तो अगदीच पोकळ नाही. उद्या एखाद्या गावच्या मंडळीच्या चुकीसाठी दुसऱ्या टोकाच्या मंडळीला का धरावे? तरीही माझा कौल त्या वृद्धांच्या बाजूने पडतो. जाहिरातपत्रकावर क्रूस छापताना चर्च एक होते; मग देणे फेडताना ते अनेक कसे होऊ शकेल? ह्या प्रकरणापासून पंथांच्या वकिलांनी शहाणपणा शिकून संस्थांच्या नावांतून चर्चचे नाव वगळावयास सांगितले, असे अनेक ठिकाणी झाले. हा शहाणपणा कायद्याचा झाला. ज्यांनी धडा निराळ्या रीतीने घेतला त्यांची गोष्ट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात घडली.

ब्राउन्सव्हिल आणि ईस्ट न्यूयॉर्क ह्या तिकडच्या पूर्व ब्रुकलिनमधील वस्त्या १९७० नंतर इतक्या उजाड झाल्या होत्या की मैलोगणती जळक्या घरांचे आणि विटांच्या ढिगांचे रान झाले होते. १९८० साली तेथील कॅथलिक, ल्यूथरन, बॅप्टिस्ट अशा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन त्यांचा एक संघ झाला. त्यांनी घरापासून आरंभ केला नाही. आधी बाजारातल्या दुकानांत जाऊन सडका माल आणि खोटी वजने उघडकीस आणली. मग नाहीशा झालेल्या रस्त्यांच्या नावांच्या सुमारे तीन हजार पाट्या नगरपालिकेकडून नव्याने बसवून घेतल्या. रस्त्याला पाटी नसेल तर रुग्णवाहिकेला तरी घर सापडेल कसे? ह्या लहान विजयांतून माणसे तयार झाली. जॉनी रे यंगब्लड हे बॅप्टिस्ट पाळक आणि फ्रान्सिस मुगावेरो हे ब्रुकलिनचे कॅथलिक बिशप ह्या कार्याचे दोन आधारस्तंभ.

घरांची कल्पना आय. डी. रॉबिन्स नावाच्या एका निवृत्त बांधकाम-व्यावसायिकाची. हा गृहस्थ वृत्तपत्रात सदर लिहीत असे. त्याचे म्हणणे असे: दहा-वीस घरे बांधाल तर सभोवतीचे उजाडपण ती घरे गिळून टाकील, एकदम हजार बांधा. उंच इमारती नकोत. एकाला एक लागून ओळीने घरे बांधा, अठरा फूट रुंद, आणि ती भाड्याने न देता विकून टाका. योजनेला नाव मिळाले जुन्या करारातील नहेम्याचे, ज्याने यरुशलेमचा पडका तट लोकांकडून पुन्हा बांधून घेतला. नगरपालिकेने जमीन दिली, आणि महापौर एड कॉच ह्यांच्या कारभाराने दर घरामागे दहा हजार डॉलरांचे बिनव्याजी कर्ज दिले, ते घर विकताना परत करावयाचे. बांधकामासाठी लागणारा फिरता पैसा मात्र चर्चांनी स्वतः घातला. कॅथलिक धर्मप्रांताने पंचवीस लाख डॉलर, मिसुरी सिनॉडच्या ल्यूथरन पंथाने दहा लाख, लाँग आयलंडच्या एपिस्कोपल धर्मप्रांताने दहा लाख; आणि सर्व बिनव्याजी. एक घर विकले की तो पैसा परत येई आणि पुढच्या घराच्या पायात जाई.

१९८२ च्या ऑक्टोबरात पायाभरणी झाली. दोन-तीन निजण्याच्या खोल्यांचे घर सुमारे पन्नास हजार डॉलरांत, म्हणजे बाजाराच्या मानाने फारच स्वस्तात, पडू लागले. घेणारे कोण? बसचालक, परिचारिका, कारकून. त्यांतील पुष्कळसे सरकारी वसाहतींतले भाडेकरू. पुढील वर्षांत अशी दोन हजारांहून अधिक घरे झाली, आणि १९८७ साली अमेरिकन काँग्रेसने नहेम्याच्या नावाने देशभर अनुदानाची योजना काढली. टीकाकारांनी घरे एकसुरी आहेत म्हटले. ती आहेत. शहराच्या मध्यात इतकी ठेंगणी घरे बांधणे म्हणजे जमिनीची उधळपट्टी, असेही म्हटले. त्यात तथ्य आहे. आणि सर्वांत खरी टीका अशी की सर्वांत दरिद्री माणसाला ह्यात घर मिळाले नाही. ज्याला पाच हजार डॉलर आरंभी भरता आले त्याला मिळाले.

इकडे वृद्धांच्या इमारतींत एक नवीच अडचण मुरत होती. १९६५ साली पासष्टाव्या वर्षी आलेली बाई १९८५ साली पंच्याऐंशीची झाली. घर तिला साजेसे होते: एक खोली, लहानसे स्वयंपाकघर, न्हाणीत धरावयाचा दांडा, मदतीसाठी ओढावयाची दोरी. पण दोरी ओढली तर येणार कोण? कायद्याने घर दिले होते, माणूस दिला नव्हता. पुष्कळ ठिकाणी ही उणीव मंडळीतल्या बायकांनी भरून काढली. डबा पोचविणे, डॉक्टरकडे नेणे, दारावरचे वर्तमानपत्र दुपारपर्यंत तसेच पडले असेल तर कडी वाजवून पाहणे. १९९० च्या कायद्याने अशा इमारतींत सेवा जुळवून देणाऱ्या पगारी माणसाची तरतूद केली, आणि कर्जाऐवजी भांडवली अनुदान सुरू झाले. चाळीस वर्षे घर गरीब वृद्धांसाठीच ठेवले तर ते परत करावयाचे नाही. २०१२ पासून काही वर्षे मात्र ह्या कलमाखाली नव्या बांधकामाला पैसाच मिळाला नाही. २०१७-१८ नंतर तो पुन्हा थोडाथोडा सुटू लागला.

चर्चच्या नावाचा आणखी एक परिणाम फार उशिरा दिसून आला, आणि तो कोणी योजिलेला नव्हता. कुटुंब-वसाहतींच्या कर्जाच्या करारांत नफा घेणाऱ्या मालकाला वीस वर्षांनी मुदतीआधी कर्ज फेडून मोकळे होण्याची मुभा होती. मोकळे झाला की तो बाजारभावाने भाडे आकारू शके. नफा न घेणाऱ्या संस्थांना सरकारच्या संमतीवाचून तशी मुभा बहुधा नव्हती. १९८० नंतर ज्या शहरांत जमिनीचे भाव चढले तेथे पुष्कळ खाजगी मालक ह्या वाटेने बाहेर पडू लागले. शेजारची चर्चची वसाहत, रंग उडालेली का असेना, स्वस्तच राहिली. जे बंधन १९७३ साली फास वाटले होते तेच ह्या वेळी कुंपण झाले.

आज तेथील चर्चांपुढे उलटा प्रश्न आहे. गॅलपच्या पाहणीप्रमाणे २०२० साली चर्च, सिनॅगॉग किंवा मशीद ह्यांपैकी कशाचे तरी सभासद असलेले अमेरिकन लोक प्रथमच निम्म्याहून कमी, म्हणजे ४७ टक्के, भरले. माणसे कमी आणि जमीन पुष्कळ, अशी कित्येक मंडळ्यांची स्थिती आहे. कॅलिफोर्नियात धर्मसंस्थांपाशी घरे बांधता येतील अशी सुमारे ४७,००० एकर जमीन असल्याचा अंदाज बर्कलीच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी २०२३ साली दिला. त्याच वर्षी त्या राज्याने कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला: चर्चने आपल्या जागेवर स्वस्त घरे बांधावयाची ठरविली तर गावच्या बांधकाम-नियमांच्या अडथळ्यांतून त्यास वाट मिळावी, मात्र भाड्याची घरे पंचावन्न वर्षे स्वस्त ठेवली पाहिजेत.

अटलांटात बॉर्डर्स ह्यांनी बांधलेली ती वसाहत पुढे पाडली गेली, आणि काही वर्षे त्या जागेवर शहरी शेतकऱ्यांच्या एका संस्थेने भाजीपाला पिकविला. जुन्या घरांच्या काँक्रीटच्या जोत्यांवर मातीचे वाफे घालून. कॅलिफोर्नियात आता नकाशे घेऊन पुन्हा माणसे पाळकांच्या दारी येत आहेत. ह्या वेळी शहाण्या मंडळ्या जमीन विकत नाहीत, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतात; आणि सही करण्यापूर्वी विचारतात की व्यवस्थापक कोण नेमणार, दुरुस्तीचा निधी कोणाच्या ताब्यात राहणार, आणि दारावरच्या पाटीवर नाव कोणाचे लिहिणार.